गच्चीवरची खडूची गाडी

२८ सप्टेंबर, रविवार
पाचला जाग. गजर नाही, कंपनीची बस चुकायची भीती नाही. निवृत्त होऊन दोन महिने होत आले तरी शरीर अजून फर्स्ट शिफ्टला निघतं. गच्चीवर गेलो. पलीकडच्या वरसे गावातल्या नव्या बिल्डिंगांमागे धुकं, त्यामागे डोंगर असणार. तेवढ्यात परत दिसली. माझी गाडी. पांढरी, बुटकी, दोन चाकांची, आपल्या जीपच्या मागे जोडलेली. नदीकाठी गवतात उभी, दार उघडं, आत एक दिवा. आसपास खांब नाही, तार नाही, कुणाचा टीव्ही नाही.

थर्ड शिफ्टला कंपनीत कंट्रोल पॅनलसमोर बसून ही गाडी मी किती वर्षं बघितली. तेव्हा बघायला काही लागत नव्हतं. आता खरोखर निवडायची वेळ आली तर घाम फुटलाय.

चहाच्या वेळी बायकोला, सु.ला, सांगितलं. ट्रेलर घ्यायचा. हलका, जीपला ओढता येईल असा. झोपणं आत, रांधणं बाहेर, पाणी नि लाइट आपलं आपल्यासोबत. रस्ता संपतो तिथे जाऊन चार दिवस राहायचं. सु. कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत होती. म्हणाली, "बघा तुमी."

'बघा तुमी' म्हणजे हो नव्हे. नाही पण नव्हे. एवढं कळतं आता.

४ ऑक्टोबर
दिवसभर मोबाइलवर ट्रेलर. डोळे चुरचुरतायत. एक कापडी आहे, घडी घातली की टेबलाएवढी, उघडली की तंबू. सगळ्यांत हलकी तीच. पण आपल्याकडच्या दमट हवेत कापडाचं काय होतं ते छत्रीला विचारावं. दुसरी थेंबाच्या आकाराची. आत नुसता बिछाना, मागचं झाकण वर केलं की ओटा. बघताक्षणी प्रेमात पडलो, पण आत उभं राहता येत नाही, सदरा बसून घालायचा. तिसरी चौकोनी पेटी. सगळं आहे, म्हणून जड.

दुपारी डोळा लागला तर तिन्ही कुंडलिका नदीत उतरून डुंबत होत्या. थेंबवाली सगळ्यांत पुढे. हाका मारल्या तरी बाहेर येईनात.

संध्याकाळी इक्बाल आला. शाळेपासूनचा मित्र, आखातात बरीच वर्षं काढून आता चणेऱ्याकडे शेती बघतो. तिकडे सुट्टीच्या दिवशी लोक असल्या गाड्या घेऊन वाळवंटात जातात, हा त्यांच्याबरोबर जायचा. त्याचं म्हणणं, "मोठीच्या नादाला लागू नको. चाक रुतलं तर दोन माणसांनी ढकलून निघाली पायजे. पानी, सावली नि बॅटरी, एवढं बघ. बाकी सगळा शौक." मग थांबून, "वहिनी येनार ना?"
म्हटलं, बघू.

७ ऑक्टोबर
हमरापूर. ओळखीच्या जयवंतकडे. गणपतींचा हंगाम संपलेला, कारखाना सुस्त, उरलेल्या मूर्ती प्लॅस्टिकखाली. जयवंत फायबरचं काम करतो, मोठ्या मंडळांची सिंहासनं, प्रभावळी वगैरे. एका सिंहासनाची पाठ त्याने माझ्या हातात दिली. मी लाकडी समजून जोर लावला आणि मागच्या मागे गेलो. तो हसला. "काका, तयार गाडी कशाला घेता? याचीच बॉडी करून देतो. खालचा सांगाडा नि चाकं तेवढी वेल्डरकडून."

मग वही काढून प्रश्न. उंची किती, दार कुठल्या अंगाला, खिडक्या किती. सगळी उत्तरं तयार होती. शेवटी, "पलंग एक का दोन?"

विचारून सांगतो म्हटलं.

येताना उगाच धरमतरला वळलो. खाडीत माल वाहणारी एक बार्ज उभी. वरती एक माणूस दोरीवर लुंगी वाळत घालत होता, अगदी सावकाश, अंगणात असल्यासारखा. बराच वेळ बघत बसलो. असं काहीतरी हवंय मला. पण त्या दोरीवर साडीही हवी.

८ ऑक्टोबर
एक का दोन. डोक्यातून जात नाही.

आमचा संसार शिफ्टमध्ये झाला. मी थर्ड करून आलो की दिवसा झोपायचो, तेव्हा सु. कुकर लावायची नाही, मशीन बंद ठेवून हातशिलाई करायची. गल्लीतली पोरं आमच्या दारापुढे कुजबुजत क्रिकेट खेळायची, तिचा धाकच तसा. मी सेकंड करून यायचो तेव्हा ती झोपलेली. चपला हातात घेऊन आत शिरायचो, थंड भात अंधारात जेवायचो. ताटाला चमचा लागू द्यायचा नाही. बिजागऱ्यांना तेल दोघंही घालायचो, एकमेकांना न सांगता. एकमेकांच्या झोपेवर पहारा देण्यात वर्षं गेली. सुटीच्या दिवशी मुलगी मध्ये असायची. आता ती बंगळुरूला. मध्ये कोणी नाही.

सु. माझ्याबरोबर येईल का, हा खरा प्रश्न. गाडी कुठलीही घेईन.

१२ ऑक्टोबर, रविवार
गच्चीवर खडूने गाडी काढली. खऱ्या मापाची. दार, पलंग, ओटा, बॅटरीचा कोनाडा, पाण्याची टाकी. पलंगाच्या जागी मधली रेघ काढली नाही. आत सतरंजी टाकून पडलो. वर ढग. गाडी चालू लागल्यासारखं वाटलं. तळा गावाकडच्या घाटात चढ लागला, मग खाली खाडी चमकली. उठायची इच्छा होईना.

सु. कपडे वाळत घालायला आली ती सरळ ओट्यातून चालत. मी म्हटलं, "भिंतीतून आलीस." ती थबकली. मला वाटलं आता ऐकवणार. ती मागे गेली, वळसा घालून दारातून आत आली. बादली हातात. इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "हितं खिडकी करा. रांधताना भिंत काय बघायची?"

खिडकी केली. मोठी केली.

१५ ऑक्टोबर
दोन दिवस चहा गाडीत. सु. दारातून येते, दारातून जाते. मी बॅटरी, सोलर प्लेट, पाणी किती न्यायचं ते सांगत होतो. मध्येच तिने विचारलं, "एवढं हळू का बोलताय? कोन झोपलंय?"

दोघंही हळूच बोलत होतो. ती हसली. मला हसू आलं नाही. मग उगाच मोठ्याने बोललो तर शेजारच्या गच्चीवरच्या वहिनी वळून बघायला लागल्या.

२२ ऑक्टोबर, पाडवा
सकाळी सु.ने ओवाळलं. मी साडी दिली. रंग आवडला म्हणाली.

दवाने खडू पुसट झाला होता. दुपारी वर गेलो तर गाडी नवीकोरी. उरलेल्या रांगोळीने तिने सगळी परत काढलेली. रेघा माझ्यापेक्षा सरळ, कापडावर आखायचा हात तो. ओट्यासमोर खिडकी, खिडकीला पडद्याच्या चुण्यासुद्धा. आणि पलंगाच्या जागी दोन पलंग. मध्ये वाट.

फराळ गोड लागेना.

२४ ऑक्टोबर
विचारलं शेवटी. भांडी घासता घासता बोलली, माझ्याकडे न बघता.

"तुमी घरी आल्यापासून मला एकटीला बसता येत नाय. तुमी वाईट नाय वागत. पन सारखं कोनतरी हाय. आदी दुपार माझी असायची. मशीन, रेडिओ, नि मी. तुमी कामाला गेलात म्हनून मी एकटी ऱ्हायला शिकले. आता ते सोडायला शिकू? हितं निदान दोन खोल्या हायत. तुमच्या त्या डब्यात कुठं जाऊ मी?"

म्हटलं, "म्हणजे यायचं नाही?"
"तसं कुठं म्हनले?"

राग आला. तिचा नाही, कुणाचा ते कळत नाही. नदीपर्यंत चालून आलो. काठावर रिकामी जागा दिसली की अजूनही तिथे माझी गाडी उभी राहते. आज दारात कुणी नव्हतं.

२ नोव्हेंबर
हमरापूर. जयवंतला सगळं न सांगता एवढंच म्हटलं, दोन पलंग. तो म्हणाला, "मधे फळी करतो. टाकली की एक, काढली की दोन. तीच फळी बाहेर पाय लावून टेबल." त्याला किती सोपं.

बाकी यादीवर त्याने कात्री चालवली. बेसिन नको, बादली पुरे. वरचं कपाट नको, जाळीच्या पिशव्या. शॉवर म्हटल्यावर नुसतं बघितलं माझ्याकडे. एकेक वस्तू गेली तशी गाडी हलकी होत गेली आणि मीही थोडा. एक बाजू पूर्ण वर उचलायची, तीच सावली. थेंबही नाही, पेटीही नाही, मधलीच काहीतरी झालीय. मला फार आवडलीय.

२३ नोव्हेंबर
बॉडी सांगाड्यावर चढली. रंग अजून नाही. मी एकट्याने पुढचा दांडा उचलला, उचलला गेला. पासिंगचे कागद पेणलाच आर.टी.ओ.त होतील म्हणतात.

सु.ला फोटो दाखवला. मोठा करून खिडकी बघितली. "बरी हाय," एवढंच.

७ डिसेंबर, रविवार
आज पहिल्यांदा गाडी बाहेर. इक्बालच्या शेतात. भात निघालेलं, खाली वाल उगवून आलाय, जमीन ओलसर हिरवी. सु. आली. "नुसतं बघायला," असं बजावून. संध्याकाळच्या रिक्षाने परत जाणार, रिक्षावाल्यालाही सांगून ठेवलेलं.

बाजू वर उचलली. पिठलं-भात केला. ओट्यासमोरून शेत, शेताच्या पलीकडे इक्बालचं घर, त्यामागे टेकडी. जेवून सु. जरा टेकते म्हणाली. फळी काढलेलीच होती. तिच्या बाजूला आडवी झाली आणि झोपली.

घोरते ती. चांगली जोरात. लग्नाला एवढी वर्षं झाली, मला माहीत नव्हतं. घरी तिची झोप कायम सावध, चपला हातात घेऊन आलो तरी अर्धी जागी. माझ्या सुटीला ती माझ्या मागून झोपायची, माझ्या आधी उठायची. मी बाहेर वालाच्या बांधावर बसून ऐकत होतो. हातातून पातेल्याचं झाकण सुटलं, चांगलं खणखणलं. ती उठली नाही. बांधावर बसून मला इतकं बरं वाटलं की लिहिता येत नाही.

रिक्षा आली तेव्हा उठली. गेली. जाताना गाडीच्या अंगावर हात फिरवला, कापड बघतात तसा.

१४ डिसेंबर
आज सु. आपण होऊन बोलली. सकाळी, पोहे परतताना.
"मला एक रात्र ऱ्हायचंय तिथं."
मी खूश. कधी जायचं विचारलं.
"तुमी नाय. मी एकटी. तुमी गाडी लावून द्या नि घरी या. इक्बालभायचं घर हाकेवर हाय, त्यांच्या भाभींना मी बोललेय."

माझा चेहरा बघून म्हणाली, "सवय करून बघते. आदी माझी एकटीची, मग बघू."

माझ्या गाडीत पहिली रात्र माझी नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. मग संध्याकाळी पाण्याचे कॅन भरायला घेतले.

२० डिसेंबर, शनिवार
दुपारी सोडून आलो. बॅटरी दाखवली, गॅस दाखवला, दिवा दोनदा लावून दाखवला. तिसऱ्यांदा दाखवायला लागलो तर म्हणाली, "जावा आता." शिवणाची पिशवी नेलीय, रेडिओ नेलाय. जीप वळवताना आरशात बघितलं. दारात बसली होती, पाय खाली सोडून. हात केला नाही. दुसरीकडेच बघत होती, शेताकडे. इतकी निवांत मी तिला कधी बघितली नव्हती. आणि मी तिथे नव्हतो म्हणून ती तशी बसली होती, हेही कळलं.

घरी आलो. चहा केला, जास्त झाला. टीव्ही लावला, बंद केला. तिच्या मशीनसमोरच्या खुर्चीत बसून बघितलं. तिथून पेरूचं झाड दिसतं आणि रस्ता दिसत नाही. बरं असतं तिथे बसायला.

लिहिता लिहिता फोन आला. आवाज मोकळा होता, मागे रेडिओ. "जेवलात?" "हो." "हितं चांदण्या लई हायत." मग म्हणाली, "सकाळी याल तेव्हा दूध आना. नि एक जाड चादर आना. गारठा हाय."
म्हटलं, तुला घेऊन परत यायचं ना उद्या?
"आना तर खरं," म्हणाली, आणि रेंज गेली की तिने ठेवला, समजलं नाही.

एक चादर तिच्याकडे आहे. दुसरी तिलाच, की मला? परत फोन करून विचारता आलं असतं. धीर झाला नाही.

कपाटातली जाड चादर काढून जीपमध्ये ठेवली. बरोबर माझी उशी ठेवली. घरात आलो. उगाच आगाऊपणा वाटला म्हणून जाऊन उशी परत आणली. थोडा वेळ बसलो.

उशी आत्ता जीपमध्ये आहे.