टेकडीवरची शांत खोली

क्लुज, ३ मार्च १९९६

ती. वेतुरियाताईस सा. न. वि. वि.

वसतिगृह सोडलं. रागावू नकोस. एका खोलीत आम्ही पाच जणी, त्यात स्मारांदा येरझाऱ्या घालत शरीररचनेचं पुस्तक मोठमोठ्याने वाचणार. कानाला उसंत नाही. आता टेकडीवर एका म्हातारीच्या घरी खोली घेतली आहे. आसपास चिटपाखरू नाही. निघताना स्मारांदाला म्हटलं, तुझ्या आवाजाने माझं डोकं उठतं. तरी माझं बोचकं तिनेच जिन्यावरून खाली आणलं.

तुझा लोभ टेकडीपर्यंत चढू दे.

तुझी इलिंका

सिगेत, २० एप्रिल

चि. इलिंकास अनेक आशीर्वाद.

ईस्टरला आलीस आणि ताटावर बसल्या बसल्या पेंगलीस. आई म्हणते, पोरगी नुसत्या कॉफीवर जगते. दिवसभरात कोणाशी चार शब्द बोलतेस तरी का? लहानपणी पाढे शेळीला म्हणून दाखवायचीस, तेव्हा कुठे पाठ व्हायचे तुझे. वांग्याची झाकुस्का पाठवते आहे. पावाला लावून खा आणि वेळेवर झोप. पुस्तकं पळून जात नाहीत.

माया आहे तेवढीच आहे, धाक थोडा वाढवला आहे.

तुझी ताई

क्लुज, २८ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

नापास झाले. तोंडी परीक्षेला सरांसमोर प्रश्नाची चिठ्ठी उचलली, प्रश्न पाहिला. पान डोळ्यांपुढे आलं, डावीकडची आकृतीसुद्धा. शब्द एकही फुटेना. सर म्हणाले, सावकाश सांगा. मी नुसती उभी.

मग वसतिगृहात गेले. माझ्या पलंगावर आता दुसरी मुलगी आहे. स्मारांदा खिडकीत मनातल्या मनात वाचत होती, ओठही हलत नव्हते. हे कधीपासून, असं विचारलं. ती म्हणाली, ती पहिल्यापासून अशीच वाचते. पहिल्या वर्षी माझे डोळे आले होते, तेव्हा माझ्यासाठी म्हणून मोठ्याने वाचायला लागली. मला ऐकलेलं जास्त लक्षात राहतं हे तिला दिसलं, म्हणून थांबली नाही. घसा बसायचा तिचा, ताई. मला वाटायचं, सर्दी.

मी माफी मागितली. ती म्हणाली, अगं सोड, आणि चहा ठेवला. सप्टेंबरात पुन्हा परीक्षेला बसेन, तोवर घरी येते. स्मारांदा ट्रामपर्यंत सोडायला आली. परत राहायला ये, असं म्हणेल म्हणून मी दोन ट्राम जाऊ दिल्या. ती हवापाण्याचं बोलत राहिली. तिसरीत मी चढले.

बाबांना तूच सांग. लोभ करतेसच, या खेपेला जरा जास्त कर.

तुझी इलिंका