चौथा उद्गार

पप्पा, यंदा उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, चौथा उद्गार माझ्यावर आलाय. तुम्ही होता तेव्हा सांगलीच्या आपल्या मंडळीत येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर बोलायला सात माणसं ठरायची आणि चौथा कुणालाच नको असायचा. चोराला सुखलोकाचं वचन देणारा दुसरा, आईची सोय लावणारा तिसरा, यांच्यावर माणसं टपलेली. पण पुत्र बापाला विचारतो, मला का टाकलंस, तिथं सगळ्यांचे घसे बसायचे. मग पाळकसाहेब तुमच्याकडे बघायचे. इथं साताऱ्यातही तीच गत. मी मीटिंगला उशिरा पोचलो, तोवर बाकीचे सहा वाटून मोकळे झाले होते!

दादा गेला त्या वर्षीचं तुमचं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं. कुपवाडला तुम्ही भट्टीवर होता त्याच कारखान्यात कामावर जाताना तो ट्रकखाली आला. पुढं उत्तम शुक्रवाराआधीचे उपासाचे दिवस आले तेव्हा पाळकसाहेब स्वतः घरी येऊन म्हणाले, यंदा दुसऱ्या कुणाला सांगतो. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याला कशाला? यंदाच तर मला त्यातलं कळाय लागलंय." शुक्रवारी तुम्ही उभे राहता, भट्टीपुढं काळवंडलेले हात पवित्र शास्त्राच्या दोन्ही बाजूंना टेकवता आणि वचन वाचता. मग म्हणता, "पोरगं हाक मारतंय आणि बाप गप हाय. का गप हाय, मला म्हाईत न्हाई. आजवर मी लय कारणं सांगितली तुमास्नी. ती सगळी माघारी घेतो." आणि खाली बसता.

घरी आई भाकरी थापता थापता तुमच्यावर उखडली. "आवं, लोकं काय म्हणतील? भर देवळात देवावर रुसता व्हय?" तुम्ही पाटावर बसून कांदा फोडत होता. "रुसलो न्हाई गं. नसलेल्या माणसाला कोण इचारतंय, मला का टाकलंस म्हणून? बाप हाय हे त्याला पक्कं म्हाईत हाय, म्हणून तर वरडतंय." आईनं भाकरी तव्यावर टाकली. मला मात्र तुमचा भयंकर राग आला. दादासाठी डोळ्याला पाणी नाही आणि देवाच्या पोराची बाजू घेऊन बोलताय! तसं मी तोंडावर म्हणालोसुद्धा. तुम्ही अर्धा कांदा माझ्या ताटात ठेवलात आणि म्हणालात, "जेव."

आता तेच माझ्या घरात आलंय. तुमची पणती, माझ्या मुलाची लेक, गेल्या वर्षी तापानं गेली. नुकती चालायला लागली होती, हाक मारली की दोन्ही हात वर करायची. तेव्हापासून माझा मुलगा चर्चची पायरी चढलेला नाही. माझ्याशी बोलतो ते पाणी आलं, गॅस संपला, एवढंच. आमचे पाळक सांत्वनाला आले आणि म्हणाले, देवानंही आपला पुत्र दिला. पोरगा उसळला, "त्याचा तिसऱ्या दिवशी परत आला. माझी कधी येणार?" पाळकांचा चहा कपातच राहिला. मला शरम वाटायला हवी होती. खरं सांगतो, मनात म्हटलं, बरं विचारलंस लेका.

परवा तो आपणहून माझ्या खोलीत आला. "चौथ्यावर तुम्ही बोलणार म्हणे?" मी म्हटलं, हो. "मग येतो. पण समजावून सांगायला लागलात तर उठून जाईन." वर्षभरात त्यानं माझ्याकडे काही मागितलं असेल तर हेच. मी दोनदा लिहायला घेतलं, दोनदा फाडलं. काहीही बोललो तरी ते कारण सांगितल्यासारखंच होतंय. वचन वाचून, मला माहीत नाही एवढंच म्हणून खाली बसावं, तर तुमची नक्कल केल्यासारखं वाटतं. तुम्हाला तसं बसणं शोभलं, कारण बाप आहे ही तुमची खात्री होती. माझी खात्री एवढीच, की पोरगा उठून गेला तर पुन्हा यायचा नाही.

हे पत्र कुठं धाडायची सोय नाही, आणि असती तरी धाडलं नसतं. आई तिथं तुमच्याशेजारीच असणार, आणि तिला हे कळू द्यायचं नाही. पोर गेल्यापासून प्रभूच्या प्रार्थनेत मी नुसते ओठ हलवतो. सुरुवातीचं 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायला गेलो की आवाजच फुटत नाही. मी कडेला एकटा उभा असतो, त्यामुळं आजवर कुणाच्या ध्यानात आलेलं नाही. शुक्रवारी प्रार्थनेला मुलगा माझ्या शेजारी उभा राहील, आणि त्याला बापाचा आवाज ऐकू येणार नाही.