आमच्या स्वयंपाकघरातलं शूटिंग

वॉट्स, लॉस एंजेलिस
१४ मे १९७४

प्रिय अर्नेस्टीनताई,

आम्ही बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे? आईला सांग, तिने पाठवलेलं भेंडीचं बी रुजलं.

शेजारच्या हॅटीबाईंचा कॅल्विन कॉलेजात सिनेमा शिकतो. दर शनिवारी तो आमच्या गल्लीचाच सिनेमा काढतो, आमच्यासारख्यांना घेऊन. या खेपेला शूटिंग आमच्या स्वयंपाकघरात होतं. मी बायको, थर्मन नवरा, खऱ्यातही आहोत तसेच. नवऱ्याची गोदीतली नोकरी गेलीय आणि ते तो बायकोला सांगतो, एवढंच काम.

"काका, पाठ केलेलं नको. तुमच्या शब्दांत बोला," कॅल्विन म्हणाला.

थर्मन टेबलाशी बसला. मग म्हणाला, "टायरच्या कारखान्यातून काढलं मला. तीन आठवडे झाले. रोज डबा घेऊन बागेत बसतो. गुरुवारचा मक्याचा पाव कबुतरांना घातला. घशाखाली उतरेना."

ताई, गोदीचं त्याने नावही काढलं नाही. टायरच्या कारखान्यात तर तो खरंच कामाला आहे. आणि गुरुवारी मी डब्यात मक्याचा पावच दिला होता.

मी भांडं ढवळत राहिले. कॅल्विन खूश. "काकू, काय गप्प राहिलात तुम्ही, अगदी खरं वाटलं." थर्मन हसला, मग मीही हसले. त्यानंतर आम्ही दोघांनी त्यावर चकार शब्द काढलेला नाही.

आईला फक्त सिनेमाचं सांग.

काल सकाळी थर्मनने नेहमीसारखा डब्यासाठी हात पुढे केला. मी दिला. पाव जरा जास्तच घातला, कबुतरांनाही पुरेल असा.

तुझी धाकटी,
लुवेनिया