आर्मासच्या कागदावरची माझी पाच भोकं

मी, ओस्मो रातिकाइनन, वय एकाहत्तर, धंदा लाकूडतोडीचा (आता बंद), राहणार कोर्पिवारा, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, दारू घेतलेली नाही, कोणाची जबरदस्ती नाही. भाची हिल्क्का "मामा, लिहून टाका एकदाचं" म्हणून हात धुऊन मागे लागली होती, पण त्याला जबरदस्ती म्हणत नाहीत.

१. घर, जमीन आणि बँकेतली शिल्लक हिल्क्काला. कुऱ्हाडी आणि करवती तिच्या नवऱ्याला. त्यानं त्या शोभेसाठी भिंतीवर टांगू नयेत.

२. माझी स्पर्धेची बंदूक. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे. छत्तीस वर्षांपूर्वी बायथलॉनची जागतिक स्पर्धा आमच्या देशात भरली, तेव्हा मी आणि शेजारी आर्मास दोघेही संघात होतो. स्कीवरून धापा टाकत आलो, शेजारीशेजारी बर्फात पालथे पडून गोळ्या झाडल्या. शर्यत संपल्यावर पंचांनी नेमाचे कागद आणले. आर्मासच्या कागदावर पाच भोकं, माझा कोरा करकरीत. त्याला कांस्यपदक, मला दंडाची मिनिटं.

आता, रातिकाइनन पाचच्या पाच चुकवेल? शक्यच नाही! घाईत मी बाजूच्या कागदावर मारलं, इतकंच. म्हणजे भोकं माझी, आणि आर्मासच्या गोळ्या गेल्या रानात. मी तिथल्या तिथे तसं बोललो.

"म्हणजे तू गाढव आहेस, हे तरी कबूल," आर्मास म्हणाला.

"गाढव म्हण. पण नेम माझाच!"

"अरे, ज्याला स्वतःचा कागद सापडत नाही, त्याचा कसला डोंबलाचा नेम?"

तोवर दर शनिवारी आम्ही माझ्या सौनात एका बाकावर बसून वाफ घ्यायचो. त्या दिवसापासून तो सौनात आलेला नाही. मासे आणून देतो, दारातला बर्फ उपसतो, पण सौना नाही. उघड्या अंगानं तिथं खोटं बोलत नाहीत, अशी आमच्याकडची रीत; म्हणून टाळतो, असं माझं मत. मला एकट्याला तिथं बसवत नाही, हे स्पष्टच लिहितो.

३. बंदूक आर्मासला द्यायची होती. पण वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराच्या नावे काही ठेवता येत नाही. साक्षीदार दोन लागतात, आणि या बर्फात टपालवाली आइली आणि आर्मास यांच्याशिवाय इकडे कोण फिरकतंय? सबब आर्मासला काहीही नाही. रागानं नव्हे, कायद्यानं. बंदूकही हिल्क्काला.

४. सौना हिल्क्काचा. वरच्या बाकावरची खिडकीकडची जागा मात्र आर्मासची. हे देणं नव्हे, ती पहिल्यापासून त्याचीच आहे.

५. माझ्या अंत्यविधीला सर्वांना कॉफी आणि माशाचं सूप द्यावं. आर्मासनं पदक घालून येऊ नये.

सही: ओस्मो रातिकाइनन
कोर्पिवारा, ११ मार्च १९९८

साक्षीदार:
१. आइली वोरमाला, टपालवाली. (घाईत आहे.)
२. आर्मास पुलक्किनन, शेजारी. वाचू नकोस म्हणालास, वाचलं. लिहिणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे, कलम २ सोडून. त्या दिवशी माझ्या डोळ्यांत घाम आणि बर्फ. गोळ्या कुठं गेल्या ते मला दिसलंच नाही. भोकं कोणाची, देव जाणे. शनिवारी सौना तापव, येतो. तोवर मरू नकोस, गाढवा.