सरिताचा गाव

मिठबाव, गुरुवार, संध्याकाळ

आज जीव थाऱ्यावर नाही. वर्गात ती कादंबरी वाचून दाखवत होते, आपला मूळ गाव शोधणाऱ्या मुलीची. सरिताने मध्येच विचारलं, "बाई, माजो गाव खंयचो?" तिचे बाबा नेपाळहून आलेले, आंब्याच्या बागेत राखणदार. ती मात्र जन्मली इथेच. पोरं एका सुरात ओरडली, "नेपाळ!" ती हळूच म्हणाली, "थंय माका कोणच वळखणा नाय."

कोणच वळखणा नाय... अजून कानात आहे. आता शेवटचं प्रकरण उरलंय. त्यात मुलीला घर सापडतं, सगळे तिला जवळ घेतात. सरितासमोर ते कसं वाचू? गाळूनच टाकू का?

पण शाळा सुटताना तीच दारातून वळून म्हणाली, "बाई, उद्या शेवट वाचा हां. तिका घर गावता काय नाय, ता माका बघूचा आसा."