मावशीची तसबीर आणि तीन मेलेले नवरे

एडिनबरा,
मंगळवार, दुपार

ती. यूफी मावशीस,

मर्डोचा प्रेमाचा आणि बऱ्याचशा भीतीचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? कोंबड्या अंडी देताहेत ना? चर्चच्या ऑर्गनचा तो घोगरा सूर तुझ्या बोटांनी अखेर वठणीवर आणला का? इकडे मी ठीक आहे, म्हणजे हे पत्र तू वाचून संपवेपर्यंत तरी ठीक आहे.

गेली अकरा वर्षं मी पाहुण्यांना जुन्या शहरात हिंडवतो, हे तुला ठाऊक आहेच. किल्ल्यापासून निघायचं, बोळाबोळांतून उतरायचं, कुणाला फाशी दिलं असेल तिथं थांबून आवाज खाली आणायचा आणि शेवटी सगळ्यांना ‘लंगडा बगळा’ या पबात नेऊन सोडायचं. (मालकीणबाई जीन मॅकफी त्याबद्दल मला सूप पाजते. सूप चांगलं असतं. जीनही चांगली आहे, पण तो विषय वेगळा.) अडचण अशी की आमच्या रस्त्यावर प्रत्येक पबाला स्वतःचं भूत आहे. समोरच्याकडे तर दोन, त्यातलं एक बिनमुंडक्याचं! बगळ्याला एकही नाही. लोक दारातूनच विचारायचे, "तुमच्याकडे कोण असतं?" जीन म्हणायची, "मी असते की!" आणि लोक समोर जायचे. वसंतात ती मला म्हणाली, "मर्डो, महिनाभरात भूत आण, नाहीतर मी कुलूप लावून लेकीकडे पर्थला चालले."

मग मी भूत रचलं. नाव ग्रिझेल. दीडशे वर्षांपूर्वी तिनं तीन नवऱ्यांना लापशीतून विष घातलं. नुसत्या गोष्टीवर लोक विश्वास ठेवीनात, म्हणून तसबीर हवी होती. आईच्या ट्रंकेत एक फोटो सापडला. काळा झगा, हनुवटीखाली बांधलेली बॉनेट टोपी आणि समोरच्याला जागीच गार करणारी नजर. मावशी, तो तुझा होता. एकोणीसशे बासष्टच्या नाटकातला. मी तो चहात बुडवून जुना केला आणि शेकोटीवर टांगला.

पब भरून वाहू लागला. शेजारच्या दुकानदारानं तुझा चेहरा ताटं पुसायच्या फडक्यांवर छापला. (मी नको म्हणालो होतो. अर्थात फडकी खपल्यावर.)

गेल्या गुरुवारी चौदा पाहुण्यांत डंडीचे एक म्हातारे गृहस्थ होते, स्ट्रूअन पेट्री. ते तसबिरीपुढून हलेनात. म्हणाले, "ही यूफी लेनॉक्स!"

"नाही साहेब, ग्रिझेल. तीन नवरे मारले तिनं."

"तीन? अहो, मला एकट्याला नाही म्हणायला हिनं दोन वर्षं घेतली!"

सगळे हसले. मग पेट्री अगदी हळू म्हणाले, "गेली का हो ती?"

हो म्हणालो असतो तर भूत वाचलं असतं, बगळा वाचला असता, जीन पर्थला गेली नसती. पण त्यांचा हात खुर्चीची पाठ चाचपत होता. मी म्हणालो, "जिवंत आहे. माझी मावशी आहे. ओबानला कोंबड्या पाळते."

जीननं फडकं फेकून मारलं. (तुझंच.) मला वाटलं, आता सगळे उठून समोर जाणार. पण कुणी उठेना. पेट्रींना मधे बसवून लोकांनी तुमची सगळी हकिकत काढून घेतली. आता रोज माणसं तेच ऐकायला येतात, आणि जीननं तसबिरीखाली तुझं खरं नाव लिहिलंय. म्हणून पाया पडतो, थंडी पडून पाहुण्यांची गर्दी ओसरेपर्यंत शहरात येऊ नकोस, आणि पाळकांच्या बायकोलाही येऊ देऊ नकोस.

तुझा अपराधी भाचा,
मर्डो

ता. क. पेट्री रोज सकाळी तुझा पत्ता मागतात. मी दिलेला नाही. शपथ.

ता. क. दिला. पत्रही त्यांच्याच हाती दिलंय. म्हणजे आत्ता तुझ्या दारात जे भिजत उभे आहेत, ते तेच. तुझ्या शॉर्टब्रेड बिस्किटांबद्दल ते एकदा काहीतरी बोलले होते म्हणे. ते त्यांनी माझ्यासमोर मागे घेतलंय. माझ्यावर हवं तेवढं ओरड, पण त्यांना आत घे. साडेचारच्या बसनं परत जातो, असं ते म्हणतील. साडेचारला बस नसते. ती मी रचली आहे.