आईच्या खोलीतली गार जमीन

बुसान,
२ डिसेंबर २००४

चि. ग्यू-छल यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले आहेत, मनातून निघत नाहीत. फोनवर मी बोलायला लागले की मग बोलू म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून हे पत्र.

बाबांच्या वर्षश्राद्धाला तुझ्या छुंगजूच्या नव्या घरी आले. जो तो घराचं कौतुक करत होता. चूल नाही, धूर नाही, जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या आणि प्रत्येक खोलीच्या भिंतीवर बटणं! मामा मोजे काढून दिवाणखान्यात जे मांडी ठोकून बसले ते उठायला तयार होईनात. मलाही बरं वाटलं. मग आईच्या खोलीत गेले आणि पाय टेकला, तर जमीन गारढोण! आई कापूस भरलेली विजार घालून, रजई गुंडाळून कोपऱ्यात लसूण सोलत होती. खोकत होती. भिंतीवर ‘बाहेर’ हे बटण पेटलेलं. म्हणजे खोलीत कोणी नाही, नळ्या गोठणार नाहीत एवढीच ऊब पुरे!

अरे, लाज कशी वाटली नाही तुला? घरातली सगळ्यात उबदार जागा म्हाताऱ्या माणसाची, हे आपण चालायला लागायच्या आधी शिकलो. तुझ्या ह्यांग-मीला विचारलं तर ती मान खाली घालून भाजी निवडत राहिली. मी काय समजायचं ते समजले. गेल्या हिवाळ्यात आई न्यूमोनियातून कशीबशी उठली आहे. तिला काही झालं तर तुझ्या दारात मी पुन्हा पाऊल टाकणार नाही.

तुझी ताई,
इम-सून


छुंगजू,
९ डिसेंबर

ती. इम-सूनताईस,
सा. न. वि. वि.

वर्षातून एकदा यायचं, पेअरची पेटी दारात ठेवायची आणि जाताना घरच्यांची अब्रू काढायची, हे तुला छान जमतं. आता नीट वाच. ते बटण आई स्वतः दाबते!

मी सकाळी ‘घरात’ दाबून दुकानावर जातो. ह्यांग-मी दुपारी पुन्हा दाबते. आमची पाठ वळली की आई उठते आणि ‘बाहेर’ दाबून बसते. मी बटणावर चिकटपट्टी लावली. तिने जेवायच्या लोखंडी काडीने ती खरवडून काढली आणि काडी धुऊन जागेवर ठेवली. विचारलं तर म्हणते, बटण बरोबरच आहे.

सिमेंट ओतायच्या आधी मी मिस्त्रीच्या डोक्यावर उभा होतो. तिच्या खोलीत नळ्या इतक्या जवळजवळ घालून घेतल्या, की म्हातारीला भाजून काढायचंय का, असं तो मला म्हणाला. आणि तू मला लाज विचारतेस? ह्यांग-मी गप्प बसली, कारण सासूच्या तक्रारी नणंदेपाशी करायच्या नाहीत एवढी रीत तिला कळते. तुला कळली असती तर बरं झालं असतं.

लोभ ठेवायचा की नाही, ते तूच ठरव.

ग्यू-छल


छुंगजू,
१६ डिसेंबर

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी यांना न सांगता लिहीत आहे. तुम्ही मला कंजूष ठरवून गेलात. मी तुमच्यापेक्षा लहान, म्हणून उलट बोलले नाही. पण राग आला नव्हता असं समजू नका. खूप आला होता, अजून आहे.

परवा कोबीला मीठ चोळत आम्ही दोघी बसलो होतो. हात मिठात असले की सासूबाई जरा मोकळ्या होतात. मी सरळ विचारलं, की आई, तुम्ही ते बटण का दाबता? त्या म्हणाल्या, त्यावर लिहिलंय ते मला वाचता येतं. बाहेर गेलेल्या माणसाने ‘बाहेर’च दाबायचं. हे तुम्हा नवरा-बायकोचं घर आहे, माझं घर योंगवलला. मी इथे आलेली बाई. वसंतात घरी जाईन, चूल पेटवीन, मग बघू. एवढं बोलून त्या कोबीचा दुसरा गड्डा ओढून घेऊन चोळायला लागल्या.

वन्सं, बाबांच्या दिवसकार्यानंतर सासूबाईंना इथे आणायचं तुम्ही दोघा भावंडांनी ठरवलंत. त्यांना कुणी विचारलं होतं का? मला आठवत नाही. खोकला वाढतो आहे, जमीन गार ती गारच. मी बटण दाबून दाबून थकले. आता तुम्ही दोघं काय ते बघा.

मुलांना तुमची आठवण येते. राग निवळला की या.

तुमची,
ह्यांग-मी


बुसान,
२२ डिसेंबर

चि. ग्यू-छल यास,
अ. उ. आ.

ह्यांग-मीचं पत्र आलं. तिच्यावर रागावू नकोस. तिच्याबद्दल माझं चुकलं, ते तिला मी समोर आले की सांगेन.

आईला घरी जायचंय. मग वसंताची वाट कशाला बघायची? मी रजा काढते, तिला योंगवलला घेऊन जाते आणि हिवाळा तिच्याबरोबर काढते. लाकडं शेजाऱ्यांकडून मिळतील. निदान आपल्या जमिनीवर तरी ऊब घेईल ती! घराची किल्ली लगेच पाठव.

ताई


छुंगजू,
२९ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

किल्ली पाठवता येत नाही. घरच राहिलं नाही. ऑगस्टात पाडलं.

ओरडायच्या आधी ऐक. ते घर उभं राहिलं असतं तर आई एक दिवस पळून गेली असती. एकटीने चूल पेटवली असती. चुलीची धग ज्या दगडी जमिनीखालून फिरायची तिला फट पडलेली, विषारी धूर खोलीत यायचा, बाबा दरवर्षी माती लिंपायचे. आता कोण लिंपणार होतं? एका सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला असता, की दार उघडत नाहीत. तो फोन मला घ्यायचा नव्हता! म्हणून पाडलं. परत विचारलंस तरी हेच सांगेन.

फक्त आईला सांगणं मला जमलेलं नाही. रोज ठरवतो आणि तोंड उघडत नाही. तू थोरली आहेस. तू सांग.

ग्यू-छल


बुसान,
४ जानेवारी २००५

ग्यू-छल,

आशीर्वाद आज नाहीत.

पाडायला तू आणि सांगायला मी? वा रे वा! बाबांनी ओढ्यातून एकेक चपटा दगड आणून ती जमीन घातली, आणि तू यंत्र लावून ती उखडलीस. मला नाही, आईला नाही, कुणालाच विचारलं नाहीस. घरचा मुलगा म्हणून सगळ्या मानात पुढे असतोस ना? मग इथेही हो पुढे. मी सांगणार नाही.

इम-सून


छुंगजू,
२० जानेवारी

चि. इम-सून आणि चि. ग्यू-छल यांस,
अ. उ. आ.

हेच पत्र दोनदा लिहिलं आहे, कारण तुम्ही दोघं एका जागी सापडत नाही. ग्यू-छलचं त्याच्या जोड्यात ठेवते.

घर पाडलं ते मला ऑगस्टातच कळलं. शेजारच्या छिल-सूनने फोन केला. आधी धुराडं पडलं म्हणाली, आणि रडायला लागली. मीच तिची समजूत काढली. ते दगड मीही वाहिले होते. तेव्हा इम-सून, तू माझ्या पोटात होतीस. वाईट वाटलं, अजून वाटतं. पण घरं पडतात रे, तेवढं कळतं मला.

मेल्या, तू सांगितलं नाहीस! रोज समोर बसून जेवतोस, रश्शात मीठ कमी आहे ते सांगतोस, आणि हे सांगत नाहीस? ज्याला घरातलं सांगत नाहीत तो बाहेरचाच, म्हणून ते बटण. ह्यांग-मीपाशी मी योंगवलला जायचं म्हटलं ते मुद्दाम. ते तुझ्या कानावर जाईल, तू माझ्याजवळ येऊन बसशील आणि आई, असं असं झालं म्हणशील, असं वाटलं होतं. तू काय केलंस? शेजारच्या खोलीत बसून ताईला पत्र लिहिलंस! तिचं उत्तर ह्यांग-मीने मला दाखवलं. आणि तू, इम-सून, फार सोवळी होऊ नकोस. तुला कळल्यावर तू त्याला शिव्या घातल्यास. मला दोन ओळी लिहिल्यास? मी काय काचेची आहे, की खुळी आहे?

खोकला कमी आहे. जमीन तापवू देते आता. ह्यांग-मी रडायला लागली म्हणून, तुमच्यासाठी नव्हे.

पुढच्या महिन्यात आपल्या चांद्र नव्या वर्षाच्या दिवशी सगळे याल, नवे कपडे घालून माझ्यापुढे ओणवायला रांगेत उभे राहाल. तुम्ही दोघांनी आधी खाली बसायचं. काय केलं आणि काय लपवलं, ते माझ्या तोंडावर, आपापल्या तोंडाने सांगायचं. तोवर तुमचा नमस्कार मी घेणार नाही. मामा बसलेले असोत, नातवंडं बघत असोत, घेणार नाही.

लोभ तुम्ही जन्मलात तेव्हापासून आहे, तो मागायची गरज नाही.

आई